नर्सिंग स्टाफची गळती कशी रोखावी: वॉर्ड इन्चार्जपासून मेट्रनपर्यंत सर्वांसाठी सविस्तर मार्गदर्शन

राजीनाम्याच्या पत्रात कारण बहुधा एकच लिहिलेले असते: 'वैयक्तिक'. पत्र फाइलला लागते, जाहिरात निघते, नवी सिस्टर रुजू होते आणि काही महिन्यांनी तिच्याही हातात तसाच कागद असतो. अशा रुग्णालयात नर्सिंग प्रशासनाचा सगळा जीव भरतीत अडकतो. जागा भरत राहतात, पण वॉर्डात काम येणारी माणसे कमी आणि काम शिकणारी जास्त, ही स्थिती काही बदलत नाही.

नुसत्या भरतीने हे भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि तरी ५८ लाख कमी पडत होत्या. चांगल्या नर्सला दुसरीकडे जागा मिळणारच. ती आपल्याकडे का थांबेल हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी इन्चार्ज आणि मेट्रन (रुग्णालयातल्या नर्सिंगच्या प्रमुख) यांच्या रोजच्या निर्णयांत असतात: ड्यूटी लिस्ट, पेशंटची वाटणी, पहिल्या वर्षातली सोबत, चूक झाल्यावर मिळणारी वागणूक. पगार आपल्या हातात नाही म्हणून 'आम्ही काय करणार' असे म्हणणे मला अजिबात पटत नाही.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. अमेरिकेत नर्सची मोठी टंचाई असताना अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने १६३ रुग्णालयांची पाहणी केली आणि १९८३ मध्ये निष्कर्ष मांडले. त्या टंचाईतही ४१ रुग्णालयांना नर्स मिळत होत्या आणि टिकतही होत्या. तिथे नर्सिंगचे वरिष्ठ सहज भेटत, निर्णयांत नर्सना विचारले जाई, ड्यूट्यांत लवचिकता होती आणि शिकायला वाव होता. पुढे याच कामातून उत्तम नर्सिंग असलेल्या रुग्णालयांना दिल्या जाणाऱ्या 'मॅग्नेट' मान्यतेची पद्धत उभी राहिली.

पहिला टप्पा: गळती नेमकी कुठे आहे ते शोधा

गळतीचा दर काढणे सोपे आहे. वर्षभरात सोडून गेलेल्या नर्सची संख्या भागिले वर्षातली सरासरी संख्या, गुणिले १००. वॉर्डात सरासरी ४० नर्स आणि १० गेल्या, तर दर २५ टक्के. बहुतेक ठिकाणी काम इथेच थांबते आणि तो आकडा मीटिंगमध्ये वाचून दाखवला जातो. त्यातून काय करायचे ते मात्र कळत नाही.

म्हणून त्याच्या शेजारी दुसरा आकडा मांडा: वर्षाच्या सुरुवातीला असलेल्यांपैकी वर्षअखेरीस किती जण अजून आहेत? समजा, दोन वॉर्डांत दर सारखाच २५ टक्के आहे. पहिल्या वॉर्डात सुरुवातीच्या ४० पैकी ३७ कायम आहेत. म्हणजे जुन्या फक्त ३ गेल्या आणि उरलेल्या ७ जणी त्याच वर्षी येऊन त्याच वर्षी गेल्या. इथे दुखणे नव्या नर्सच्या पहिल्या काही महिन्यांत आहे. दुसऱ्या वॉर्डात ४० पैकी ३० च उरल्या, म्हणजे दहाही जुन्या, अनुभवी गेल्या. तिथे नव्या नर्सना रुळवण्याचा इंडक्शन कार्यक्रम कितीही सुधारला तरी उपयोग नाही. तिथे कामाचा भार, बढती किंवा इन्चार्जची वागणूक तपासायला हवी.

गेल्या दोन-तीन वर्षांची यादी काढा. प्रत्येक नावापुढे वॉर्ड, रुजू तारीख, सोडल्याची तारीख आणि शेवटच्या तीन महिन्यांतल्या नाइट, ओव्हरटाइम आणि आजारपणाच्या रजा लिहा. निवृत्ती, स्थलांतर अशी टाळता न येणारी कारणे वेगळी काढा. एका वॉर्डातून दुसऱ्यात बदली मागून गेलेल्यांनाही या यादीत घ्या. रुग्णालयाच्या हिशेबी ती गळती नसते, पण त्या वॉर्डाच्या दृष्टीने असते, आणि बऱ्याचदा बदलीचा अर्ज हाच राजीनाम्याआधीचा शेवटचा इशारा असतो.

याच वेळी खर्चही मांडा, कारण व्यवस्थापनापुढे तोच बोलतो. जागा रिकामी असतानाचा ओव्हरटाइम, तात्पुरत्या स्टाफचे पैसे, जाहिरात आणि मुलाखतींचा वेळ, नवी नर्स स्वतंत्रपणे काम करेपर्यंतचा तिचा पगार, तिला शिकवणाऱ्या सिनियरचा वेळ. आपल्याच रुग्णालयाचे आकडे घ्या. बाहेरून उचललेल्या आकड्यांवर अकाउंट्सवाले विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

दुसरा टप्पा: जायच्या आधी विचारा

शेवटच्या दिवशीच्या मुलाखतीत खरे कोणी सांगत नाही. अनुभवाचा दाखला मिळायचा असतो, हिशेब व्हायचा असतो. ती मुलाखत घ्यायचीच असेल तर सोडून गेल्यावर तीनेक महिन्यांनी, फोनवर, आणि त्या वॉर्डाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने घ्यावी. तेव्हा माणसे मोकळेपणाने बोलतात.

खरी कामाची आहे ती स्टे इंटरव्ह्यू, म्हणजे अजून काम करत असलेल्या नर्सशी ठरवून केलेले बोलणे. वर्षातून दोनदा, वीस-तीस मिनिटे, वॉर्डाबाहेर, ड्यूटीच्या वेळेत. नाइट करून थकलेल्या बाईला थांबवून घेतलेली मुलाखत स्वतःच एक तक्रार होते. प्रश्न चारच पुरतात. इथे काम करताना काय चांगले वाटते? कोणत्या गोष्टीने रोज त्रास होतो? सोडून जावे असे शेवटचे कधी वाटले? मी एकच गोष्ट बदलू शकत असेन तर कोणती बदलू?

तिसऱ्या प्रश्नावर कसे ऐकायचे ते महत्त्वाचे. समजा, सुपरवायझर मॅडमनी तो प्रश्न विचारला आणि सिस्टर म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? मागच्या महिन्यात. नाइट करून सकाळी घरी गेले, दुपारी फोन आला, आजच इव्हिनिंगला या. मी नाही म्हटलं. पुढच्या लिस्टमध्ये माझा रविवारचा ऑफ गेला."

इथे तोंडावर येणारे उत्तर असते, "अहो, पण त्या दिवशी दोघी सिक होत्या." ते गिळायचे. त्याऐवजी विचारायचे, "असं याआधी झालंय का? अजून कोणाच्या बाबतीत?" आणि लिहून घ्यायचे. त्या चार वाक्यांत दुरुस्त करण्यासारख्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत: नाइट उतरलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी बोलावणे, आणि नकार दिल्याची शिक्षा ड्यूटी लिस्टमधून देणे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त माणसे घालवते.

बोलणे झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत काहीतरी उत्तर द्या. 'हे केले', 'हे अमुक तारखेपर्यंत करू', 'हे माझ्या अधिकारात नाही, वर कळवले आहे'. उत्तर द्यायची तयारी नसेल तर विचारूच नका. विचारून गप्प बसल्याने विश्वास जास्त उडतो.

तिसरा टप्पा: कामाचा भार खाटांवर नाही, पेशंटवर मोजा

२००२ साली लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटमध्ये, प्रत्येक नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नर्स मानसिकदृष्ट्या खचण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दल असमाधान असण्याची १५ टक्क्यांनी वाढलेली होती. व्यवस्थापनापुढे जाताना हे तिन्ही आकडे एकत्र ठेवा. नर्सची दमछाक आणि पेशंटची सुरक्षितता या एकाच अर्जात मांडायच्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियात २००४ पासून नर्समागे किती पेशंट असावेत याची मर्यादा कायद्याने लागू आहे.

मंजूर पदे वाढेपर्यंत वॉर्डात काय करता येईल? पहिली गोष्ट, पेशंटची वाटणी. '१ ते ६ तुमच्या, ७ ते १२ त्यांच्या' ही पद्धत वरवर समान आणि आतून अन्यायाची असते. पहिल्या सहा खाटांवर नुकताच ऑपरेशनहून आलेला एक, रक्त चढत असलेला एक आणि दर तासाला साखर तपासायचा एक असेल, आणि पुढच्या सहांपैकी चार उद्या घरी जाणार असतील, तर दोघींची ड्यूटी एकसारखी कशी? प्रत्येक पेशंटला १ ते ३ किंवा १ ते ४ असा अवघडपणाचा अंक द्या आणि अंकांची बेरीज सारखी येईल अशी वाटणी करा. हँडओव्हरच्या, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे पेशंट सोपवण्याच्या, वेळी पाच मिनिटांत होणारे काम आहे. शिफ्टच्या मध्ये नवी अ‍ॅडमिशन आली की अंक पुन्हा पाहा.

दुसरी गोष्ट, नर्सिंगची नसलेली कामे. फार्मसीत चकरा, रिपोर्टसाठी लॅबला फोन, ट्रॉली शोधणे, बिलाच्या चौकश्या, एकच नोंद तीन रजिस्टरांत. एक आठवडा प्रत्येक शिफ्टमध्ये एक तक्ता ठेवा आणि अशा प्रत्येक कामापुढे मिनिटे लिहायला सांगा. आठवड्याच्या शेवटी बेरीज करून सर्वांत वरची तीन कामे उचला. त्यातले एक रजिस्टर बंद करून सुटेल, एक वॉर्ड क्लार्क किंवा अटेंडंटकडे देता येईल, एकासाठी दुसऱ्या विभागाशी बोलावे लागेल. वाया जाणारा वेळ वाचवायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही, आणि स्टाफला बदल लगेच जाणवतो.

शिफ्ट इन्चार्जवर पेशंटचा पूर्ण भार टाकू नका. तिच्याकडे स्वतःचे पेशंट पूर्ण असतील तर नवख्या सिस्टरने मदत मागायची कोणाकडे?

चौथा टप्पा: ड्यूटी लिस्ट

माझ्या मते नर्सिंग नेतृत्वाची खरी परीक्षा ड्यूटी लिस्टमध्ये होते. इन्चार्ज कोणाला सांभाळते आणि कोणावर राग काढते, हे सगळ्या वॉर्डाला त्या एका कागदावरून कळते.

लिस्ट किमान चार आठवडे आधी लावा. मुलांच्या परीक्षा, घरातले आजारपण, स्वतःचा अभ्यास हे सगळे त्या कागदावर अवलंबून असते. फिरती पुढच्या दिशेने ठेवा, म्हणजे मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट. उलटी फिरती शरीराला जास्त जड जाते. इव्हिनिंग संपवून लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग देऊ नका. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळांविषयीच्या निर्देशात २४ तासांत सलग ११ तास विश्रांती बंधनकारक आहे, ते माप डोळ्यांसमोर ठेवायला चांगले आहे. सलग नाइट शक्य तितक्या कमी ठेवा आणि त्यानंतर किमान दोन दिवस मोकळे द्या. नाइट उतरलेला दिवस ऑफमध्ये धरणे ही फसवणूक आहे. तो दिवस झोपण्यातच जातो.

लांब शिफ्टबद्दल २००४ मध्ये अ‍ॅन रॉजर्स यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम झाले की चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते. म्हणून 'आजच्या दिवस थांबा' हे वाक्य सवयीचे होऊ देऊ नका. त्यासाठी राखीव स्टाफची छोटी यादी तयार ठेवा: बोलावले तर येऊ असे स्वतःहून सांगितलेल्या आणि त्याचा मोबदला किंवा बदली रजा नक्की मिळणाऱ्यांची. यादीत नसलेल्या व्यक्तीला ऑफच्या दिवशी फोन जाता कामा नये.

सणाच्या आणि रविवारच्या ड्यूट्यांची वर्षभराची नोंद सर्वांना दिसेल अशी लावा. कोणाला किती मिळाल्या हे उघड असले की कुजबुज आपोआप कमी होते. आपसांत ड्यूटी बदलायची मुभा द्या, पण नियम ठेवा: दोघींचा अनुभव साधारण सारखा हवा, विश्रांतीचे तास मोडता कामा नयेत आणि नोंद लेखी हवी. विश्वास बसला की स्टाफने स्वतःच आपल्या ड्यूट्या निवडण्याची पद्धत सुरू करता येते. मात्र प्रत्येक शिफ्टला किती जण आणि त्यांत किती अनुभवी हवेत, हे इन्चार्जने आधी ठरवून द्यावे. नाहीतर नाइटची पाने रिकामी राहतात आणि शेवटी नव्या मुलींच्या गळ्यात पडतात.

पाचवा टप्पा: पहिले वर्ष

शिकताना मनात धरलेले नर्सिंग आणि प्रत्यक्ष वॉर्ड यांच्यातल्या दरीने नवख्या नर्सना बसणारा धक्का मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच नोंदवला होता. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याचे नवशिकी ते तज्ज्ञ असे पाच टप्पे मांडले. त्यांतल्या तिसऱ्या टप्प्याला, म्हणजे आपले काम आखून सक्षमपणे करण्याला, एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे लागतात. आता आपल्या यादीतल्या रुजू आणि सोडल्याच्या तारखा पुन्हा पाहा. वर्ष-दीड वर्षात गेलेली प्रत्येक नर्स आपण शिकवली आणि ती उपयोगी पडू लागण्याच्या सुमारास घालवली.

सुरुवातीचे काही आठवडे नव्या नर्सला स्टाफच्या संख्येत धरू नका. हे सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी पाऊल आहे. तिला एकच ठरलेली सिनियर मार्गदर्शक द्या आणि त्या मार्गदर्शकाच्या ड्यूट्या तिच्याशी जुळवा. रोज नव्या सिनियरसोबत उभी राहणारी मुलगी रोज नव्याने ओरडा खाते, कारण प्रत्येकीची पद्धत वेगळी. मार्गदर्शकाचे पेशंट कमी करा आणि तिला या कामाची लेखी पावती द्या. शिकवणे हे वरचे फुकटचे काम झाले, तर चांगल्या सिनियरही टाळू लागतात.

पहिली नाइट एकटीने नको. महिना, दोन महिने आणि तीन महिने झाले की इन्चार्जने तिच्याशी पंधरा मिनिटे बसून बोलावे. पहिला मृत्यू, पहिला कार्डिअ‍ॅक अरेस्ट झाला की त्याच शिफ्टमध्ये दहा मिनिटे बाजूला घेऊन काय झाले, काय बरोबर केले, मनात काय चालले आहे ते विचारावे. ज्यांच्याशी असे कोणी बोलत नाही त्या मुली दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर येतात, काम करतात आणि मनातून सोडून गेलेल्या असतात.

आणि हँडओव्हर. सलाइनवर लेबल लावलेले नाही. सिनियर पेशंटच्या नातेवाइकांसमोर म्हणते, "कॉलेजात हेच शिकवलं का?" तीच गोष्ट अशीही सांगता येते: "लेबल राहिलंय, आत्ता लावू या. कधी सुरू केली, आठवतंय?" चूक दोन्हीकडे पकडली गेली. पण पहिल्या पद्धतीने बोलणी खाल्लेली मुलगी पुढची चूक लपवेल.

सहावा टप्पा: चूक, अपमान आणि हिंसा

औषधाची चूक झाल्यावर पहिले काम पेशंटला सांभाळणे आणि दुसरे काम त्या नर्सला सांभाळणे. अशा चुकीनंतर कोलमडणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये 'दुसरा बळी' म्हटले. चौकशीत आधी व्यवस्था पाहा: सारख्या दिसणाऱ्या कुप्या शेजारी होत्या का, औषध काढताना तिला किती वेळा हाक मारली गेली, त्या शिफ्टला किती जणी होत्या. जाणूनबुजून नियम मोडणे आणि नकळत हुकणे यांना एकच मेमो देऊ नका.

डॉक्टर किंवा सिनियर चारचौघांत अपमान करत असतील तर इन्चार्जने त्याच दिवशी, त्या व्यक्तीशी, खासगीत आणि स्पष्ट बोलावे. पुन्हा झाले तर लेखी तक्रार वर जावी. नातेवाईक अंगावर आले तर कोणाला बोलवायचे, किती मिनिटांत ते यायला हवेत आणि तक्रार कोण दाखल करणार, हे आधी ठरलेले असावे. तक्रार रुग्णालयाने करावी, एकट्या नर्सवर सोडू नये. आपल्या बाजूने कोणी उभे राहिले नाही, हे नर्स कधीच विसरत नाही.

आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, बर्नआउटला (कामाने पुरते खचून जाण्याला) आजार मानलेले नाही, नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी व्यावसायिक स्थिती म्हटले आहे. थकवा, कामाबद्दल वाढलेला दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, ही त्याची तीन अंगे. नेहमी आपुलकीने बोलणारी सिस्टर पेशंटला 'तो १२ नंबर' म्हणू लागली की लक्ष द्या. ध्यानधारणेचे शिबिर घ्यायला हरकत नाही, पण भार आणि ड्यूट्या तशाच ठेवून घेतलेल्या शिबिराचा स्टाफला रागच येतो.

सातवा टप्पा: इन्चार्जलाही सांभाळा

उत्तम बेडसाइड नर्सला एका आदेशाने इन्चार्ज करायचे आणि ड्यूटी लिस्ट कशी लावावी, अवघड बोलणे कसे करावे, आकडे कसे मांडावेत यांतले काहीही शिकवायचे नाही, ही जुनी पद्धत आहे. तिला आधी काही आठवडे जुन्या इन्चार्जच्या हाताखाली द्या. एका इन्चार्जकडे इतकी माणसे नकोत की वर्षातून दोनदा प्रत्येकीशी बोलणेही अशक्य व्हावे. छोटे निर्णय तिच्या अधिकारात द्या. तातडीची एक दिवसाची रजाही वर विचारावी लागत असेल तर स्टाफ तिच्याकडे कशाला बोलेल?

बढतीचा एकच रस्ता ऑफिसकडे जात असेल तर पेशंटजवळ राहू इच्छिणाऱ्या अनुभवी नर्स एक तर थांबून राहतात किंवा जातात. त्यांच्यासाठी कौशल्यावर आधारित श्रेणी असावी, पदनाम आणि पगारासह. पगाराबाबत निदान एवढे तपासा: नव्याने भरती झालेलीला जुन्या नर्सपेक्षा जास्त मिळते आहे का? मिळत असेल तर ते गुपित राहिलेले नाही, हे धरून चाला.

सुरुवात कशी करावी

सगळे एकदम करू नका. ज्या वॉर्डात गळती सर्वांत जास्त आहे तो एकच निवडा. पहिल्या महिन्यात यादी आणि स्टे इंटरव्ह्यू, दुसऱ्यात बिगर-नर्सिंग कामांचा तक्ता आणि नवी ड्यूटी लिस्ट, तिसऱ्यात मार्गदर्शकांची नेमणूक. या काळात राजीनामा आलाच तर त्याच दिवशी भेटा. थांबवण्यासाठी धमकी, दाखला अडवणे असले काही नको. जाणारीला नीट निरोप द्या आणि परत यायचे असेल तर दार उघडे आहे हे सांगा. परत आलेली नर्स वॉर्ड ओळखत असते, आणि तिचे येणे बाकीच्यांनाही बरेच काही सांगून जाते.

गळतीचा वार्षिक दर लवकर हलत नाही, म्हणून दर महिन्याला वेगळ्या गोष्टी पाहा: आयत्या वेळच्या आजारपणाच्या रजा, ओव्हरटाइमचे तास, ऑफच्या दिवशी केलेले फोन, बदलीचे अर्ज आणि स्वतःहून नोंदवलेल्या चुका. पहिले चार कमी व्हायला हवेत. पाचवा आकडा सुरुवातीला वाढला तर घाबरू नका, लोक बोलू लागले आहेत. सहा महिन्यांनीही काही हलले नसेल तर मुलाखतींची वही काढा आणि त्यात सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार अजून तशीच आहे का ते तपासा.